कामगार सातची आत्याबाई

ताई ज्या त्रैमासिकात नोकरी करते, त्याचा विषय आहे श्रम आणि रोजगार संबंध. म्हणजे मालक नोकराशी कसा वागतो, नोकर मालकाबद्दल काय बोलतो आणि दोघं एकमेकांच्या तोंडावर काय बोलत नाहीत, याचा पद्धतशीर अभ्यास. त्रैमासिक वाचणारे थोडे आणि त्यात लिहू पाहणारे भरपूर, त्यामुळे कचेरीत माणसांची गर्दी नसते, लेखांची असते. नोकरीच्या अभ्यासाला वाहिलेल्या या कचेरीत ताईची स्वतःची नोकरी मात्र दर वर्षी नव्याने लागते. या विषयावर अजून कुणी लेख पाठवलेला नाही.

ताईचं काम नावं पुसायचं. लेख आला की ती आधी लेखकाचं नाव काढते, मग त्याची संस्था, मग शेवटचे आभार. उरलेला बिनचेहऱ्याचा लेख परीक्षकाकडे जातो. परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही, लेखक कोण हे परीक्षकाला कळत नाही, आणि दोघं एकमेकांना मनमोकळ्या शिव्या देतात. दोन्ही बाजू ठाऊक असतात त्या एकट्या ताईला. एकदा एक प्राध्यापक तिच्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "हा कुण्या गाढवाने लिहिलाय हो?" लेख त्यांच्या जावयाचा होता. ताईने त्यांना पाणी दिलं.

असा कोरा चेहरा कमवायला वर्षं लागतात. ताईचा तो चेहरा एकदाच उतरला, तेव्हाची ही गोष्ट.

ती लेख सुरुवातीला वाचत नाही, नुसती नावं शोधते. पूर्ण वाचते शेवटच्या प्रुफाला, ओळीखाली पट्टी धरून. त्या दुपारी पट्टीखाली आला तो काचेच्या बाटल्यांच्या एका कारखान्यावरचा लेख. तपासणीच्या कागदांवर सह्या आधी होतात आणि तपासणी कधीच होत नाही, असं लेखाचं म्हणणं. पुराव्यादाखल कामगारांचे बोल दिलेले. पट्टी सरकत सरकत 'कामगार सात'पाशी आली.

"आत्याबाई एकदा तापली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तिच्या दाराची कडी गेलीय, हे साहेबांच्या कानावर घालून घालून माझी जीभ झिजली. साहेब म्हणतात, तू सही कर, कडीचं बघू. उद्या आत्याबाईने दार उघडून कुणाला मिठी मारली म्हणजे?"

पट्टी तिथेच थांबली. हा तिचा दादा होता.

शंकेला जागाच नव्हती. सबंध कारखान्यात भट्टीला आत्याबाई म्हणणारा माणूस एकच. बाटल्या वाहून नेणारा पट्टा त्याची धाकटी भावजय, कारण सदा कुरकुर. पाळीचा भोंगा त्याचा मेहुणा, कारण जेवायच्या वेळेला बरोबर हजर. नव्या माणसाला तो कारखाना दाखवायचा तोच मुळी नातेवाइकांची ओळख करून दिल्यासारखा. लेख लिहिणाऱ्या बाईंनी त्याचं नाव काढलं होतं, वय बदललं होतं, त्याला भट्टीवरून उचलून दुरुस्ती खात्यात टाकलं होतं. जीभ तेवढी होती तशी ठेवली होती. आंधळ्या माणसानेही हा कोण ते सांगितलं असतं.

आणि कारखान्यात बाहेर बोलणाऱ्याचं काय होतं हे ताईला माहीत होतं. मागे एक क्रेनवाला वर्तमानपत्राशी बोलला, तर त्याला आधी बिनकामाचं बसवलं आणि मग घरी बसवलं. दादाची निवृत्ती हाकेच्या अंतरावर आलेली. त्रैमासिकाचे जे मोजके वर्गणीदार, त्यांत त्या कारखान्याचे एचआर साहेबही होते. त्यांच्या अंकावर पत्ता चिकटवायची ताई स्वतः.

ती प्रूफ घेऊन संपादकांच्या खोलीत गेली. सर भला माणूस, फक्त प्रत्येक गोष्टीला नियम शोधणारा.

"सर, हा कामगार सात ओळखू येतो."

"कसा येईल? नाव नाही, वय बदललंय, खातं बदललंय."

"बोलण्यावरून येतो. हे वाक्य बदलायला हवं."

"अगं, ते शब्दशः अवतरण आहे! माणूस बोलला ते आपण कोण बदलणार?" मग चष्म्यावरून बघत, "आणि तुला कसं कळलं, तो कोण ते?"

"माझा दादा आहे."

सरांनी हात पुढे करून प्रूफ तिच्याकडून काढून घेतलं. "मग या लेखाला तू हातच लावायचा नाहीस. हितसंबंध आला. लेखकाला फोनही करायचा नाही."

"आणि दादाची नोकरी गेली म्हणजे?"

"लेखिकेने स्वतः बदल मागितला तर मी करीन. किंवा बोलणाऱ्याने तिला सांगितलं तर. पण उद्या दुपारी अंक छापायला जातोय." एवढं बोलून सर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर स्कूटरच्या स्टँडखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं. ताई त्यांना पुरती ओळखून होती. वाट दाखवायची झाली की सर खिडकीबाहेर बघत.

ती तडक दादाच्या घरी गेली. दादा पहिल्या पाळीहून नुकताच आलेला, वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईने दम न घेता सगळं सांगितलं. वहिनीच्या हातातली घडी तशीच राहिली. दादाचा चेहरा मात्र उजळला.

"छापलंय? आत्याबाई म्हणूनच छापलंय?"

"दादा, हसतोस काय? एचआर साहेबांकडे अंक जातो!"

"जाऊ दे की. ज्याला सांगायचं त्याच्याचकडे जातोय. तोंडी सांगून झालं, हाता-पाया पडून झालं. छापलेलं तरी वाचतील."

"अहो, वाचतील आणि तुम्हाला घरी बसवतील," वहिनी म्हणाली. "मग दिवसभर कुणाला आत्याबाई म्हणणार आहात? मला?"

"तुला कशाला? तुझी आत्या वेगळीच आहे. ती तापत नाही, धुमसते."

"विनोद पुरे." वहिनीचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच दादा ओशाळला.

"कडी काढ म्हणत नाही मी," ताई म्हणाली. "कडी राहू दे. आत्याबाई काढ."

"मग उरलं काय, ठमे? ते माझं बोलणंच नाही. पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकून घेतलं, वहीत उतरवलं, मध्ये एकदासुद्धा 'मुद्द्यावर या' म्हटलं नाही. आणि आता मीच सांगू, खोडा म्हणून?"

वहिनीने घडी घातलेला कारखान्याचा शर्ट त्याच्यापुढे ठेवला. शेवटी दादाने खिशातून फोन काढला. लावला त्यानेच, स्पीकरवर, पण दोघींकडे न बघता.

लेख लिहिणाऱ्या बाई फोनवर आल्या त्या आनंदाने. ऐकलं आणि एकदम रडकुंडीला आल्या. "काका, मी सगळं बदललं होतं हो! वय, खातं…"

"आणि बोलणं?"

"बोलणं कसं बदलणार? आम्हाला शिकवतातच तसं. माणसाचे शब्द म्हणजे पुरावा, त्याला हात लावायचा नाही." मग हळू आवाजात, "त्या शब्दांनीच तुम्ही ओळखू याल, हे डोक्यातच आलं नाही. मी आत्ता बदलते. असं लिहू का, 'तापमान वाढल्यास भट्टी अनियंत्रित होते व दाराच्या कडीबाबत वरिष्ठांना अवगत करण्यात आले आहे'?"

दादाने फोन लांब धरला. "हे कोण बोललं? याला सर्दी झालीय का?"

"मग तुम्हीच सांगा काका, वेगळ्या शब्दांत."

दादाने घसा खाकरला. "भट्टी तापली की… म्हणजे बघा, ती काही ऐकत नाही, सासरी नांदायला आलेल्या…" ताईने डोक्याला हात लावला. पुन्हा सुरुवात झाली. या खेपेला भट्टीचा चुलत सासरा निघाला. तिसऱ्या खेपेला दादाने नातेवाईक टाळले, तर भट्टी नुसतीच 'ती बया' झाली. आयुष्यभर वळण लागलेल्या जिभेला एका बैठकीत सरळ करणं त्याच्याच्याने होईना. त्याच्या कपाळावर घाम आला. भट्टीपुढे उभं राहूनही त्याला कधी इतका आला नसेल.

तेवढ्यात वहिनी मान वर न करता म्हणाली, "कडी तुटलीय. सांगितलंय. सही करून घेतात."

बाई चाचरत म्हणाल्या, "हे… हे फार चांगलं आहे. पण हे काका नाही म्हणाले. कामगार सातच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य मला नाही घालता येणार."

दादाने बायकोकडे बघितलं. मग फोन तोंडाशी धरून एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "कडी तुटलीय. सांगितलंय. सही करून घेतात. झालं? आता मी म्हणालो. घ्या लिहून."

दुसऱ्या दिवशी सरांनी ताईला काही सांगितलं नाही. अंक मात्र ठरल्या वेळेला छापायला गेला आणि आला तेव्हा कामगार सात तीन लहान वाक्यं बोलत होता. ताईने एचआर साहेबांच्या अंकावर पत्ता चिकटवला. त्या दिवशी डिंक वाळायला वेळच लागला.

आठवडाभराने दादाचा फोन आला. भट्टीला नवी कडी बसली होती, तीही चांगली जाडजूड. ताईने सुटकेचा निःश्वास टाकला. तो पुरता टाकून व्हायच्या आत एचआर साहेब स्वतः कचेरीत येऊन तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज.

"ताई, आम्ही तुमचे जुने वर्गणीदार. एक छोटी मदत करा. हा कामगार सात कोण?"

"आम्ही नावं देत नाही, साहेब."

"लेखात कारखान्याचं नाव नाही, ठीक. पण आपण सगळे समजतो ना?"

"मी फक्त पत्ते चिकटवते."

साहेब हसले. "माझा अंदाज झालाय म्हणा. भट्टीवर आमचा एक बोलघेवडा आहे, आधी त्याच्यावरच संशय होता. पण तो एक वाक्य सरळ बोलेल तर शपथ! त्याला चहा हवा असला तरी आधी चहाची सोयरीक सांगतो. हे वाक्य त्याचं नव्हे. हा आमचा फिटर. तो असाच बोलतो, तोडून तोडून. दुरुस्ती खातंही जुळतं. तुम्ही नुसती मान हलवा, पुढचं माझं मी बघतो."

दादा सुटला होता. पण या फिटरला तिने दादाच्या घरी पाहिलं होतं. 'बरं' आणि 'येतो' यापलीकडे त्याचं बोलणं तिला आठवत नव्हतं. वाक्य वहिनीचं, तोंड दादाचं, आणि नोकरी जाणार फिटरची! मान नकारार्थी हलवली तर साहेब दुसरं नाव शोधणार. हलवली नाही तर हेच नाव पक्कं. तिने मानेला एवढं घट्ट धरलं की ती दुखायला लागली.

"पाणी आणू का साहेब?" ती म्हणाली.

साहेब पाणी न पिता गेले.

ते जिना उतरेपर्यंत ती थांबली आणि मग तिने दादाला फोन लावला. नेहमी फोन ठेवायला कां कूं करणारा दादा ऐकून नुसतं "बरं" म्हणाला आणि त्याने ठेवून दिला. ताईला वाटलं, हा फिटरच्या तोंडचा शब्द याच्या तोंडी कसा?

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी दादा साहेबांच्या केबिनपाशी पोचला. फिटरला बोलावणं आलेलंच होतं, तो बाहेर बाकावर बसलेला. दादा त्याला ओलांडून आत गेला.

"कामगार सात मी आहे, साहेब."

"तुम्ही?" साहेबांना खरंच हसू आलं. "तीन वाक्यांत?"

"कडी तुटलीय. सांगितलंय. सही करून घेतात," दादा म्हणाला. साहेबांचं हसू ओसरलं.

"हे बाहेर कशाला सांगितलंत?"

"आत सांगून झालं होतं."

साहेबांची गोची झाली ती तिथे. काढून टाकावं, तर कडी स्वतःच्या सहीने बसवून घेतलेली. तुटली नव्हती, असं म्हणायची सोय राहिली नव्हती. आणि तक्रार खरी असणाऱ्याला घरी बसवलं, तर त्या बाई पुढच्या अंकासाठी पुन्हा वही घेऊन येणार. संध्याकाळपर्यंत खल झाला. शेवटी दादाला लेखी समज मिळाली आणि भट्टीवरून त्याची बदली पॅकिंगमध्ये झाली. फिटरला आत बोलावलंच नाही.

ताई घरी गेली तेव्हा दादा खिडकीकडे पाठ करून बसला होता. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "तुझे शब्द काढले नसते तर फिटरवर आलंच नसतं."

"काढले नसते तर पहिल्याच दिवशी माझ्यावर आलं असतं. आणि साहेब कडी बसवायच्या आधी मला शोधत बसले असते." मग थोडं थांबून, "पॅकिंगला पुठ्ठे आहेत गं नुसते. गार खोली. भिंतीशी बोलावं लागेल."

ताई त्याच्या हातावर हात ठेवून बसली.

वहिनी आतून आली. "उद्या किती वाजता जायचंय?"

"सहाला."

"जायचंय ना?"

"जायचंय."

"मग दोघं जेवायला चला," वहिनी म्हणाली, आणि आत वळताना तिने पदराने डोळे पुसले, तेही कुणाला दिसू नये अशा बेताने.