कोणती पुस्तकं आधी जाळायची

मी आयुष्यभर घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. आमच्या पुस्तकांवर आलेली संकटं म्हणजे वाळवी, गळकं छप्पर आणि दर काही वर्षांनी येणारे नवे प्राचार्य. युद्धाशी माझा संबंध आला तो निवृत्त झाल्यानंतर, मुलुंडच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून. आणि तो आला एका वर्गमित्रामुळे.

तो सुदानचा. सांताक्रूझला आम्ही ग्रंथालयशास्त्राचा कोर्स एकत्र केला. त्या गोष्टीला आता पस्तीसेक वर्षं झाली असतील. तो वाकोल्यात एका चाळीत खोली घेऊन राहायचा आणि शेजारणींकडून मराठी शिकायचा, त्यामुळे त्याच्या मराठीत शिव्या आधी आल्या आणि व्याकरण आलंच नाही. 'झकास' आणि 'वाट लागली' या दोन शब्दांवर तो अख्खी मुंबई निभावून न्यायचा.

एकदा मी त्याला घरी जेवायला नेलं. आम्ही तेव्हा घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहायचो. बाबांची गिरणी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, ते एका सोसायटीत वॉचमन होते. आईने त्या दिवशी खारा बांगडा भाजला होता. पाहुण्याला वास सोसेल का, या काळजीने मी अर्धमेली झाले होते. तो उंबऱ्यात थांबला, एक खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "हा तर माझ्या घरचा वास आहे." आई म्हणाली, "खा रे, लाजतंस कित्याक?" तो लाजत नव्हताच. बाबांनी विचारलं, "तुमच्या गावात नदी हा काय?" तो म्हणाला, "दोन आहेत. आमच्याकडेच भेटतात." बाबांना ते फार आवडलं.

कोर्स संपला, तो परत गेला. त्याच्या शहरात शिक्षक घडवणाऱ्या एका छोट्या संस्थेत त्याला नोकरी लागली. आधी पत्रं, मग ईमेल, मग व्हॉट्सॲप. आम्ही एकमेकांना घरचं फार कमी लिहायचो. बहुतेक गप्पा धंद्याच्याच: कपाटं कुठली घेतलीस, वाळवीला काय करतोस. त्याच्याकडे एक खास कपाट होतं. गावातल्या जुन्या घराण्यांनी दिलेल्या हस्तलिखित वह्या त्यात होत्या. वंशावळी, औषधं, पाण्याच्या वाटणीचे करार. त्या वह्यांविषयी तो लेकरांविषयी बोलावं तसं बोलायचा.

मग तिकडे देशातल्याच दोन फौजा एकमेकांवर तुटून पडल्या. आपल्या बातम्यांत ते आलं, तिथल्या भारतीयांना परत आणलं तेही दाखवलं, आणि मग आपल्या बातम्या दुसरीकडे वळल्या. मी त्याला रोज मेसेज टाकत होते. एकच करडी खूण दिसायची. कितीतरी दिवसांनी दुपारी त्याचा फोन आला.

"यार, वाट लागली," तो म्हणाला, आणि पुढे नेहमीसारखा इंग्रजीवर आला.

मी म्हटलं, "निघ तू तिथून. सगळ्यांना घेऊन निघ."

"आई अंथरुणाला खिळलीय. तिला कशी उचलू? आणि ग्रंथालयाची चावी माझ्याकडेच आहे. बाकी सगळे शहर सोडून गेले."

ग्रंथालय त्याच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. गोळीबार थांबला की तो जाऊन यायचा. काचा फुटल्या होत्या, कॉम्प्युटर चोरीला गेले होते, म्हणजे सगळी सूची गेली होती. ॲक्सेशन रजिस्टर तेवढं त्याने घरी आणलं होतं. ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची क्रमाने नोंद असते ती ही जाड वही. "ही गेली तर काय होतं आणि काय नव्हतं ते कुणालाच कळणार नाही," तो म्हणाला. "हिची एक प्रत तुझ्याकडे पाहिजे."

फोटो पाठवायचा प्रयत्न त्याने केला, पण नेटवर्क इतकं क्षीण की एकही फोटो जाईना. आवाजाचे छोटे तुकडे मात्र जायचे. मग असं ठरलं की त्याने रजिस्टर वाचायचं आणि मी लिहून घ्यायचं.

"मला अरबी कुठे येतं?" मी विचारलं.

"ऐकू येईल तसं लिही. नंतर बघू."

तेव्हा 'नंतर' हा शब्द आम्ही दोघंही सहज वापरत होतो.

पुढचे कितीतरी महिने माझ्या सकाळी त्यात गेल्या. त्याचे मेसेज दिवसाआड, कधी आठवड्याने, एकदम दहा-बारा यायचे. क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, पानं. आवाज सपाट, हजेरी घेतल्यासारखा. मागे कधी कोंबडा ओरडायचा, कधी दुसरं काही, ज्याच्यामुळे तो क्षणभर थांबायचा आणि पुन्हा तोच क्रमांक उच्चारून पुढे जायचा. मी कानाला इअरफोन लावून अरबी नावं देवनागरीत टाइप करत होते. शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो मोकळा ठेवत होते. माझे यजमान चहा आणून ठेवायचे. एकदा म्हणाले, "याचा उपयोग काय होणार गं?" मी म्हटलं, "यादी असते. असावी लागते."

एका दुपारी मी मेथी निवडत होते, तेव्हा फोन वाजला. तो म्हणाला, "एक प्रोफेशनल प्रश्न आहे."

"बोल ना."

"वीडिंग करायचंय."

वीडिंग म्हणजे आमच्या धंद्यात जुनी, फाटकी, जास्तीच्या प्रती असलेली पुस्तकं काढून टाकणं. मला वाटलं, जागा बदलायची असेल.

तो म्हणाला, "गॅस नाही, कोळसा नाही. शेजारचा माणूस लाकूड आणायला गेला तो आलाच नाही. आम्ही दोन दारं जाळली, खुर्च्या जाळल्या, माझा पलंग जाळला. घरात आठ माणसं आहेत. डाळ भिजवून ठेवलीय, ती शिजवायचीय. कोणती पुस्तकं आधी?"

माझ्या तोंडून निघालं, "नको रे."

"तुझ्याकडे दुसरं काही आहे का?"

नव्हतं. समोर माझ्या ओट्यावर पाइपातून येणाऱ्या गॅसवर कुकर ठेवलेला होता. मी मेथीची जुडी बाजूला सारली आणि लॅपटॉप उघडला. नोकरीत असताना दर वर्षी मी समितीपुढे जशी बोलायचे, अगदी त्याच आवाजात बोलू लागले, याची मला आजही शरम वाटते. मी म्हटलं, "आधी ज्ञानकोश घे. जाड आहेत, जुने झालेत, दुसरीकडे मिळतील."

दोन दिवसांनी तो म्हणाला, "तुझा सल्ला फालतू होता. गुळगुळीत कागद जळत नाही, नुसता धूर होतो. आई खोकून खोकून अर्धी झाली."

मग आम्ही नीट बसलो. स्वस्त कागदावरची पाठ्यपुस्तकं, ज्यांच्या दहा-दहा प्रती होत्या, ती पहिली. मग सरकारी अहवाल. मग परीक्षांच्या मार्गदर्शिका. मग वर्तमानपत्रांचे बांधीव खंड, त्यावर तो दोन दिवस अडून बसला होता. कथा-कादंबऱ्या त्यानंतर. कवितेची पुस्तकं बारीक असतात, त्यांच्यावर चहासुद्धा होत नाही, असं तो म्हणाला आणि आम्ही दोघं हसलो. वह्यांच्या कपाटाला हात लावायचा नाही, हे त्याने एकदाच सांगितलं, मी विचारलंही नव्हतं.

जळलेल्या पुस्तकांचे क्रमांक तो फोनवर सांगायचा. मी त्या त्या नोंदीपुढे शेऱ्यात 'निर्लेखित' लिहायचे. हा सरकारी शब्द मी आयुष्यभर वाळवी लागलेल्या पुस्तकांपुढे लिहिला होता. काही नावं तर मी सोमवारी यादीत घातली आणि शुक्रवारी निर्लेखित केली.

पावसाळ्यानंतर त्याची आई गेली. मी म्हटलं, "आता तरी निघ." तो म्हणाला, "रजिस्टर अर्ध्यावर आलंय. एवढं संपलं की निघतो." मी तेव्हा ओरडायला हवं होतं. यादी बंद, तू निघ, नाहीतर मी एक अक्षर लिहिणार नाही, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं."

त्यानंतर एकच मेसेज आला. त्यात सहा नोंदी होत्या. सहावी अर्धवट.

मग खूप महिने काही नाही. मी इकडेतिकडे चौकशी केली, ईमेल लिहिले, पण एका छोट्या संस्थेतल्या एका ग्रंथपालाची खबर कोण ठेवणार? त्याच्या नंबरवर मी मेसेज टाकायचं थांबवलं नाही, इतकंच.

एका सकाळी अनोळखी परदेशी नंबरवरून फोन आला. त्याची मुलगी होती, नर्स आहे. आईला घेऊन इजिप्तला पोचली होती. वडिलांच्या डायरीत माझा नंबर होता. ती तुटक इंग्रजीत सावकाश बोलत होती, मला समजावं म्हणून.

वडील जुलाब-उलट्यांनी तीन दिवसांत गेले. गोळी नाही, बॉम्ब नाही. सलाईनच्या चार बाटल्या मिळाल्या असत्या तर वाचले असते, ती म्हणाली. ती स्वतः नर्स, आणि बाटल्या नव्हत्या.

"आणि वह्या?" मी विचारलं. विचारून झाल्यावर जीभ चावली.

वह्या तिने आणि तिच्या आईने एका पोत्यात भरून बरोबर घेतल्या होत्या. मरताना त्याने तेवढं मागितलं होतं; रजिस्टर घरीच राहिलं. वाटेत एका नाक्यावर बंदूकवाल्यांनी गाडी अडवली. पोतं जड होतं, त्यांना वाटलं आत सोनं लपवलंय. त्यांनी पोतं रस्त्यावर उलटं केलं, एकेक वही झटकली, चामड्याच्या बांधण्या चाकूने फाडल्या. वारा होता. मागे ट्रकांची रांग लागली होती. या दोघींना गाडीत बसायला सांगितलं आणि गाडी सोडून दिली.

"ग्रंथालयात आता काही नाही," ती म्हणाली. "लोखंडी कपाटंसुद्धा भंगारात गेली."

मी तिला यादीविषयी सांगितलं. ती फक्त म्हणाली, "थँक यू."

मी ती यादी कुर्ल्यातल्या एका निवृत्त अरबी शिक्षकांना दाखवली. त्यांनी दोन पानं माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. म्हणाले, "बाई, तुमच्या एका 'ह'मध्ये आमची दोन अक्षरं आहेत. 'स'मध्येही तसंच. अर्धी नावं मला लागतात, अर्धी लागत नाहीत." परदेशातल्या तीन मोठ्या ग्रंथालयांना मी लिहिलं. एकाचं उत्तर आलं, सभ्य होतं. या लिपीतली सूची त्यांच्या धोरणात बसत नव्हती. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच उत्तर लिहिलं असतं.

मागच्या महिन्यात त्या मुलीचा मेसेज आला. घरचे सगळे फोन वाटेत हिसकावले गेले होते. वडिलांचा आवाज त्यांच्याकडे कुठेच नव्हता. तुमच्याकडे आहे का? माझ्याकडे शेकडो तुकडे होते. एक अख्खी सकाळ बसून मी ते सगळे पाठवले. निदान एवढं तरी आपल्या हातून झालं, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी तिने लिहिलं: "सगळे ऐकले. आईने अर्ध्यावर बंद करायला सांगितलं. यात ते फक्त पुस्तकांची नावं घेतात. ज्यात ते आमच्याविषयी काही बोलतात असा एखादा आहे का?"

घरच्या गोष्टी तो फोनवर बोलायचा, आणि फोन मी कधी रेकॉर्ड केले नव्हते. तरी मी पुन्हा पहिल्यापासून सगळे तुकडे ऐकले. एकातही बायकोचं नाव नाही, मुलीचं नाव नाही. मी तिला लिहिलं, नाही. तिने ते वाचलं.