पाहुण्यांच्या पायांना जांभळं पाणी

पत्रकं लिहून लिहून माझी जीभ बिघडलीय, असं आई म्हणते. आमटीत मीठ कमी पडलं तरी मी जाब विचारते म्हणे. असेल. पण त्या हिवाळ्यात जाब विचारण्यासारखंच चाललं होतं.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याची बातमी आली. आमच्याकडे लोकांनी लगेच दोन कामं केली: मेलेल्या कोंबड्यांचे व्हिडिओ एकमेकांना पाठवले आणि चिकन खाणं सोडलं. झालं, तयारी संपली! रोग गावात आला की मग पांढरे सूट घातलेली माणसं येतात, जेसीबी खड्डा खणतो आणि आजूबाजूच्या शेडमधले धडधाकट पक्षीसुद्धा मारून पुरतात. तेव्हा सगळी यंत्रणा हजर. पण आधी? शेडच्या दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवा, शेडच्या चपला वेगळ्या ठेवा, आल्यागेल्याला आत सोडू नका, एवढं साधं सांगायला कोणी फिरकत नाही. म्हणून आमच्या टेमघरच्या मंडळाने पत्रक काढलं. मजकूर माझा. मथळा, 'खड्डा खणण्याआधी जागे व्हा!'

निजामपुऱ्यातल्या चिकनवाल्याने तो मथळा वाचून हातच जोडले. "बेटा, ये खड्डा मेरे लिए खोद रही हो क्या? ऊपर ये लिखो ना, अच्छे से पका के खाओ, कुछ नहीं होता."

तेही लिहिलं होतं, पण मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. पुढच्या छपाईत ते वर घेतलं.

मला खरी काळजी मात्र शेलार गावातल्या माझ्या मावशीची होती. घरामागची कोंबड्यांची शेड तिने एकटीने उभी केली. काका गोदामात ड्युटीला, आणि शेडच्या वासानेच त्यांना शिंका येतात. पहिल्या काही खेपा कशाबशा निघाल्या होत्या. या वेळचे पक्षी मात्र छान भरले होते, आठवडाभरात गाडी येऊन उचलणार होती. एवढ्यात रोग शिरला असता तर मावशीने पुन्हा शेड भरली नसती. ती तसं बोललीही होती.

मी जाऊन शेडच्या दारात दोरी बांधली, पुठ्ठ्यावर 'आत येण्यास सक्त मनाई' असं लिहून लटकवलं.

मावशीने कमरेवर हात ठेवले. "रविवारी ताईला बघायला पाव्हने येतात. त्यांना पन मनाई?"

"त्यांना आधी."

"अगं, पोहे झाले की मान्सं शेड बघायला उठतात. न्हाय दाखवली तर बोलतील, कायतरी लपवतात."

तिचं खरं होतं. आमच्याकडे मुलगी बघायला आलेले लोक मुलीकडे बघतात त्याहून जास्त वेळ शेडमध्ये काढतात. एखादा पक्षी उचलायचा, हातात तोलायचा, "बरा हाय" म्हणायचं, मग पुढची बोलणी. त्यात हे पाहुणेही शेडवालेच, आतल्या गावातले. ताईने, म्हणजे माझ्या मावसबहिणीने, मला बाजूला घेतलं. "मुलगा मना पसंत हाय. तू तोंड उघडू नको."

शेवटी मावशीनेच तोड काढली. घरी येणाऱ्याला पाय धुवायला पाणी द्यायची जुनी रीत आहे, तर त्या पाण्यातच औषध टाकायचं. मान पण आणि औषध पण. रविवारी तिने पितळेचं घंगाळ अंगणात मांडलं आणि मी दिलेली पोटॅशियम परमँगनेटची जांभळी पावडर त्यात मूठभर ओतली. चिमूटभर पुरते, हे ओरडून सांगेपर्यंत पाणी पिकल्या जांभळासारखं झालं होतं.

मुलाचे वडील खूश. "आजकाल पाय धुवायला पानी कोन देतो? आनि त्यात रंग!" त्यांनी ऐटीत दोन्ही पाय बुडवले. मग मुलाने. पाय बाहेर आले ते घोट्यापर्यंत तपकिरी.

"हळदीच्या आधीच नवरा रंगला गो!" मुलाची आत्या म्हणाली, आणि अंगणभर हशा पिकला.

मीही हसत होते. मग बघितलं तर औषधाने धुतलेले ते पाय सगळ्यांनी पुन्हा त्याच चपलांत सरकवले. वडिलांच्या चपलेच्या तळाला भाताचं तूस चिकटलं होतं. शेडमध्ये जमिनीवर पसरतात ते. आणि चहा होताच ते उठले, सरळ दोरीकडे निघाले.

"काका, थांबा. सकाळी तुमच्या शेडमध्ये जाऊन आलात?"

"न जाता कसा येनार?"

"पक्षी मेलेत का तुमच्याकडे?"

ताईने डोळे मिटून घेतले. आत्याचं बिस्कीट चहात पडलं. दोरीवर ठेवलेला हात मुलाच्या वडिलांनी मागे घेतला.

"मेले थोडे. परवापासून. थंडीनं असंल."

"सरकारी डॉक्टरला सांगितलं?"

"सांगितलं तर सगळी शेड मारतील."

माझ्या ओठांवर अख्खं पत्रक तयार होतं. पण मावशी पुढे आली, ट्रे तसाच हातात. "माझी पन शेड हाय, भाऊ. मना पन तीच भीती हाय. म्हनूनच सांगते, फोन लावा."

त्यांनी एकदा मावशीच्या शेडकडे बघितलं. मग त्यांनी फोन लावला. तेवढ्यात मुलगा खाली वाकला, बापाच्या पायातल्या चपला त्याने काढायला लावल्या आणि सगळ्यांच्या चपला गोळा करून घंगाळात घासायला बसला. ताईने डोळे उघडले ते नेमके तेव्हा. शेड पाहुण्यांनी अंगणातूनच बघितली.

तपासणीचा निकाल येईपर्यंत मावशी रोज पहाटे शेडपाशी जाऊन नुसती ऐकत उभी राहायची. पक्षी कलकलले की मगच चहा. निकाल आला, बर्ड फ्लू नाही, मानमोडी, म्हणजे राणीखेत. तोही वाईटच रोग, पाहुण्यांचे पुष्कळ पक्षी गेले, पण आजूबाजूच्या शेड वाचल्या. मावशीची खेप गाडीत चढली, तेव्हा गाडी वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी शेड धुवायला मलाच बोलावलं, पुढची पिल्लं यायची होती.

साखरपुड्याला आम्ही त्यांच्या गावी गेलो. पोहे झाले आणि मावशी सवयीने शेडकडे निघाली. दारात दोरी, दोरीवर माझं पत्रक, समोर घमेलं, आणि घमेल्यामागे हाताची घडी घालून मुलाचे वडील.

"विहीनबाई, चपला तिथं. आनि आधी पाय."

"मना अडवता?" असं म्हणत मावशीने नवी साडी वर धरली आणि पाय बुडवले. साखरपुड्याच्या फोटोत आमच्याकडच्या सगळ्यांचे पाय तपकिरी आहेत. पावडर त्यांनीही मूठभरच ओतली होती.