जाळं माझं, साचा त्याचा

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा पंचांनी शेत, बैल, भांडी सगळं सरळ वाटलं. बापाच्या पागाशी आले आणि मुद्दाम वाकडं केलं. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. ते मला दिलं. त्याच्या कडेला ओवायच्या शिशाच्या गोळ्या ज्यात ओततात, तो दगडी साचा धाकट्या भावाला दिला. पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे वरसातनं एकदा तरी एकमेकाच्या दारात जाल." आमच्याकडं भाऊ वेगळे होताना असं एखादं जोडीचं सामान फोडायची रीत आहे. लोक त्याला शहाणपण म्हणतात. मी नाही म्हणत.

मी त्याच्या दारात गेलो नाही. जुन्या गोळ्या एकेक करून काळू नदीच्या खडकात अडकून गेल्या, मूठभर राहिल्या. मग जाळंही कुजलं.

मागच्या पावसाळ्यात बायकोनं नवं विणायला घेतलं. तिला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती कधीपर्यंत राहील ते सांगता येत नाही. ती नायलॉनचा दोरा नाकापाशी धरून गाठी मारायची. पुढं पुढं तर बोटांनीच मारायची. जाळं पुरं झालं तेव्हा म्हणाली, "आता माज्यानं दुसरं व्हायचं नाय. ह्ये पान्यात पडलेलं दिसू दे मला, मंग काय व्हायचं त्ये होवो."

आता शिसं पाहिजे होतं, चार-पाच किलो तरी. म्हशाच्या जत्रेत तयार गोळ्या मिळतात, पण विकतच्या गोळ्यांचं जाळं म्हणजे भाड्याचे दागिने. शहापूरचा भंगारवाला म्हणाला, गाडीची जुनी बॅटरी घ्या, फोडा, आत शिसंच शिसं, स्वस्तात पडेल. मी दुसरी पार केलेली नाही, पण बॅटरीत तेजाब असतं आणि तिची भुकटी पोटात गेली की माणूस आतून सडतो एवढं मला कळतं. त्याला म्हटलं, तूच खा.

मग हायवेवरचा टायरवाला गाठला. चाक डुगडुगू नये म्हणून कडेला छोटी वजनं ठोकतात, ती पूर्वी सगळी शिशाची असायची. जुनी काढलेली तो डब्यात टाकतो.

"बाबा, एवढ्या शिशाचं काय करता?"

"गोळ्या."

"आयला! कुनाला उडवताय?"

"जो लई चौकशी करतो त्याला."

तो हसला आणि अर्धा डबा माझ्या पिशवीत ओतला. घरी येऊन पकडीनं एकेक चावून बघितलं. शिसं मऊ, पकडीची खूण घेतं. दगडावर टाकलं की थप्प करतं. जस्त आणि लोखंड खणखणतं. आणलेल्यातलं निम्मं खणखणलं. आजकाल सगळं तसलंच येतं. जस्ताचा एक तुकडा जरी कढईत गेला तरी रस लापशीसारखा होतो आणि गोळी फुसकी निघते, म्हणून पुन्हा पुन्हा निवडलं. मुरबाड-शहापूर एसटीच्या तीन खेपा झाल्या तेव्हा पुरेसं शिसं जमलं.

ही बातमी भावाला लागली. एका सकाळी तो साचा फडक्यात बांधून अंगणात उभा राहिला.

"दादा, ह्यो घे. तू नको येऊ माज्या दारात. मी आलोय ना?"

मी म्हटलं, "ठेव तुज्या देव्हाऱ्यात. हळदकुंकू वाहा."

आतून बायको म्हणाली, "भावजी, चाय घेता का?" तो नको म्हणाला आणि गेला. फडकं उघडलंसुद्धा नाही त्यानं.

साचा मी स्वतः केला. सागाच्या दोन फळ्या घेतल्या, समोरासमोर खळगे कोरले, मधे भोकासाठी तार ठेवली. लाकूड चार दिवस उन्हात ठेवलं. ओल राहिली तर शिसं तोंडावर उडतं. परसात तीन दगडांवर लोखंडी कढई ठेवली. रस झाल्यावर मेणबत्तीचा तुकडा टाकला की मळ वर येतो, तो झाऱ्यानं काढायचा. खाली चांदीसारखं शिसं. बायको जवळ येऊन बसली.

"धूर तुज्याकडं येतोय गो. ऊठ तिथनं."

"रस कसा दिसतो त्येवढं बघते."

पहिल्या वीसेक गोळ्या बऱ्या निघाल्या. मग लाकूड जळायला लागलं. दर ओतणीला फळ्यांमधली फट वाढत गेली आणि गोळीच्या दोन्ही अंगांना पातळ कान फुटायला लागले. तारेच्या भोकाच्या तोंडाशीही धार राहायची. मी चाळीसेक गोळ्या सुरीनं साफ केल्या. बाकीच्या तशाच ओवायला घेतल्या. बायकोनं एक उचलली, भोकावर अंगठा फिरवला.

"अवो, ह्या कापतील दोरी. सगळ्या घासा. नायतर भावजींचा साचा..."

मी म्हणालो, "तुला दिसतंय का काय? दिसत नाय तर बोलू नको."

तिनं गोळी खाली ठेवली. हात पदराला पुसले.

दोन दिवसांनी आम्ही काळूवर गेलो. तिला काठावरच्या खडकावर बसवलं. मी दोरी मनगटाला बांधली, जाळ्याची कड दातात धरली आणि फेकलं. असं गोल उघडलं की मलाच वाटलं, बापानं फेकलं असतं तर असंच. तिला म्हटलं, "दिसलं?" ती म्हणाली, "आवाज आला."

ओढताना जरासं अडकलं. मी जोर लावला. हाताला कट-कट असं लागत गेलं आणि मग जाळं एकदम हलकं झालं. वर आलं तेव्हा कडेची दोरी जागोजाग तुटलेली, गोळ्या पाण्यात. दोरीनं तेवढा हिसका सोसायला हवा होता. गोळ्यांनी ती आतूनच कापली होती. खडकात ओढलं गेल्यानं खालचा हातभर भागही फाटला होता. तिनं जाळं हातात घेतलं, कडेकडेनं बोटं फिरवली, फाटक्याशी आली आणि थांबली.

पुढच्या आठवड्यात तिनं विळी घेऊन त्या जाळ्याचे तुकडे केले आणि कोंबड्या शिरू नयेत म्हणून वांग्यांच्या वाफ्यावर बांधले. गाठी बघायला मी रोज तिथं वाकतो. एकही सुटलेली नाही. आता तिला ऊन आणि सावली एवढंच कळतं. त्या दिवसाबद्दल मी तिच्याशी अजून काही बोललेलो नाही. कसं बोलायचं असतं ते मला येत नाही.