मुर्ध्याच्या विहिरीचं पाणी मोजताना

पुण्याहून भाईंदरला उतरले तेव्हा खांद्यावर यंत्राची पेटी होती आणि डोक्यात राग. काळ्या कातळाच्या या भागात रेडॉन (खडकातून पाण्यात मुरणारा किरणोत्सारी वायू) असून असून कितीसा असणार? पण भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या एका सूनबाईंनी आमच्या प्रयोगशाळेला तीनदा फोन केला होता : "सासूबाईंसाठी तरी या."

रिक्षावाल्याने पेटीकडे बघत विचारलं, "मॅडम, इसमें क्या है?"

"पानी नापने की मशीन."

"तो हमारे नल का भी नापो ना, आता ही कब है!"

मला हसू आलं. राग निम्मा तिथेच उतरला. अर्धवट बांधलेल्या इमारती मागे पडल्या, जुनी मिठागरं दिसली आणि खाडीचा वास आला.

त्या सासूबाई, हिराआजी, दारातच उभ्या होत्या. त्यांचे यजमान वर्षापूर्वी पोटाच्या आजाराने गेले. पुढे कुणीतरी मोबाइलवर दाखवलं, की विहिरीच्या पाण्यात किरणं असतात, पोट सडतं. तेव्हापासून त्यांना एकच घोर लागला होता : आपल्याच हाताने आपण आपलं माणूस मारलं का?

"बस बाय. पानी सकालीच काढून, गालून, उकलून ठेवलाय तुझ्यासाठी," त्यांनी हंडा पुढे सरकवला.

मी कपाळाला हात लावला. नुसतं ढवळलं तरी रेडॉन उडून जातो. नमुना थेट विहिरीतून, एक बुडबुडा न राहू देता भरायचा असतो.

"उकळायला कोणी सांगितलं, आजी?" माझा आवाज चढला.

त्या ओशाळल्या. "त्यांचा पोट नाजूक. लगीन होऊन आले तवापासून उकलूनच देते. हात तसाच चालतो."

मी हळूच विचारलं, "रोज?"

"येक दिस चुकला न्हाय."

मग मी दोन्हीकडचं पाणी मोजलं, विहिरीचं आणि हंड्यातलं. यंत्र चालू असताना आजींनी तांदळाची भाकरी आणि कोलमाची (बारीक सुक्या जवळ्याची) चटणी वाढली. इतकी तिखट, की नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

विहिरीचा आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली होता. हंड्याचा जवळजवळ शून्य.

मी त्यांचा हात हातात घेतला. "आजी, विहिरीत हा वायू अगदी थोडा आहे. जास्त असता, तरी तुमच्या चुलीवरच उडून गेला असता. त्यांच्या पेल्यापर्यंत पोचलाच नसता."

"मंग मी त्यांना चांगलाच पानी पाजला?"

"चांगलंच."

त्या भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या. "ऐकलाव? चांगला हाय म्हनते ही," एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. मलाही रडू आलं, आणि या खेपेला चटणीचं नाव सांगायची सोय नव्हती.

संध्याकाळी घरी पोचले. नवऱ्याने नेहमीसारखा पाण्याचा पेला पुढे केला. एरवी मी मोबाइलमधून मान वर न करता घेते. आज पेल्यासकट त्याचा हात धरून ठेवला.

"काय गं, काय झालं?" तो घाबरला.

"काही नाही," मी म्हटलं. "तू रोज देतोस, ते आज दिसलं."