डोंगरावरून खाली आणलेला कचरा

आमच्या क्लबात एक नियम आहे. डोंगरावरून खाली येताना कुणाचा हात रिकामा दिसता कामा नये. वर जाताना पाणी न्या, शेंगदाण्याचे लाडू न्या, काय वाटेल ते न्या. उतरताना मात्र प्रत्येकाच्या खांद्यावर कचऱ्याची गोणी हवी. गोणी म्हणजे खताचीच, रिकामी, धुऊन वाळवलेली. हातात नारंगी रबरी मोजे. नवीन माणूस आला की आमचे अध्यक्ष सर आधी त्याच्या हातात मोजे देतात आणि मग नाव विचारतात.

मी या क्लबात शिरले ती शुगरमुळे. कोर्टात स्टेनो आहे, सगळी नोकरी खुर्चीत गेली, आणि डॉक्टर म्हणाले, चाला. आता नगरजवळ केडगावात राहून चालायचं कुठं? पुणे रोडला चालायला निघालं तर शुगरच्या आधी ट्रकच घेऊन जायचा. मग एका मैत्रिणीनं हा क्लब सांगितला. महिन्यातून एक रविवार डोंगर, पावसाळ्यात झाडं लावायची, उन्हाळ्यात ती जगवायची, आणि वर्षभर कचरा वेचायचा. आमचे हे म्हणाले, "या वयात डोंगर? त्या डोंगराला तरी विचारलंस का?" मी म्हटलं, "तुम्हाला विचारलं नाही, तर डोंगराला कशाला विचारू?" आणि गेले.

आमचा ठरलेला डोंगर पाथर्डीच्या बाजूला आहे. वर एक देऊळ, दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं, आणि सगळीकडं कुसळी गवत. पूर्वी तिथं गुराख्यांशिवाय कुणी फिरकत नसे. मग मोबाईलवर कुणीतरी त्या टाक्याचा व्हिडिओ टाकला आणि झालं! पोरं मोटारसायकली घेऊन यायला लागली. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, वाढदिवसाच्या केकचे खोके, सगळं तिथंच. मला असली डोक्यात तिडीक जायची म्हणून सांगू! एकदा एका पोराला मी त्याच्याच हातानं टाक्यातून बाटली काढायला लावली होती. तो मला "काकू, सरकारी आहात का?" म्हणाला. मी म्हटलं, "हो, आणि तुझ्या आईला ओळखते." खोटंच, पण बाटली निघाली.

खाली उतरलं की पायथ्याला एकच घर. दोन खोल्या पत्र्याच्या, समोर सारवलेलं अंगण, बाजूला गोठा. तिथं राहणाऱ्या बाईला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. वय माझ्याएवढंच असेल, पण उन्हानं तिला माझ्यापेक्षा पुष्कळ पुढं नेलं होतं. मुलगा आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळा लागल्यावरच परत. मावशी एकटी. आमच्या क्लबाचं जेवण तिच्याकडं असायचं. चुलीवरची बाजरीची भाकरी, पिठलं, आणि असा ठेचा की आमचे रिटायर्ड बँक मॅनेजर डोळ्यांतून पाणी काढत "अजून वाढा" म्हणायचे. ती पंगतीतून फिरायची आणि कुणी हात आडवा धरला तर रागवायची.

गोठ्यात एक तांबडी गावरान गाय होती. या वर्षी ती गाभण होती आणि मावशीच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, ही येली ना, की दूध डेरीला घालते. मंग सुनंला म्हनते, फुडच्या साली तू न्हाई जायाचं उसाला. लई हाल हुत्यात पोरीचे. मागल्या साली मोळी उचलताना पडली." असं म्हणून तिनं गाईच्या पोटावरून हात फिरवला. मला त्या सुनेचं तोंडही माहीत नव्हतं. पण ती गाय नीट व्यायला पाहिजे, असं मला मनापासून वाटलं.

आता त्या गोण्यांचं सांगते. खाली आलो की आम्ही त्या मावशीच्या घराच्या कडेला, रस्त्यालगत ओळीनं ठेवायचो. फाटलेले मोजेही त्यांतच, आणि तोंडं सुतळीनं बांधलेली. मागं क्लबाचा फलक धरायचा, पुढं आम्ही, आणि फोटो. फोटो झाला की जेवण, जेवण झालं की मिनीबसनं नगर. गोण्या बसमध्ये घ्यायला ड्रायव्हर तयार नव्हता. "दोन दिवस वास मारतो, पॅसेंजर बसत नाहीत," म्हणायचा. त्याचंही काय चुकलं? सुरुवातीलाच कुणीतरी विचारलं होतं की या गोण्यांचं पुढं काय. तेव्हा सर म्हणाले, ग्रामपंचायतीशी बोलणं झालंय, त्यांची घंटागाडी येऊन नेते. लगेच ग्रुपवर मेसेज, "ग्रामपंचायतीचे मनःपूर्वक आभार", खाली हात जोडलेली चित्रं, अंगठे, फुलं. पुढच्या महिन्यात आलो तर रस्त्यालगतची जागा मोकळी. नेल्या म्हणायच्या! मीसुद्धा अंगठा टाकला होता. खोटं कशाला बोलू, उतरताना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

माघातला रविवार होता. आम्ही गोण्या घेऊन खाली आलो तर चूल थंड. अंगणात एक मोटारसायकल, गोठ्यापाशी चार माणसं, आणि मधोमध ती गाय उभी. तिची डावी कूस फुगून वर आली होती, मान खाली, तोंडातून लाळेची तार. मावशी तिच्या कपाळाला कपाळ लावून उभी होती. आम्हाला बघून म्हणाली, "आज भाकरी न्हाई झाली बगा. परवापास्नं वैरणीला तोंड लावीना. रवंथ न्हाई का काय न्हाई."

जनावरांचे सरकारी डॉक्टर आले होते. तरुणच, पण हात चपळ. ते म्हणाले, पोटात काहीतरी अडकलंय, उघडावं लागेल, आणि गाभण आहे म्हणून आता थांबण्यात अर्थ नाही. मग आमच्यातल्या दोघांनी दावं धरलं, सरांनी गरम पाण्याची बादली धरली, आणि मी मावशीला धरलं. माणसाचं ऑपरेशन मी कधी पाहिलं नव्हतं, गाईचं कुठून पाहणार? गाय उभीच होती. डॉक्टरांनी कूस भादरली, इंजेक्शनं दिली, चीर घेतली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

हात बाहेर आला तो ओला पिळा घेऊन. काळपट, घाण वासाचा. पिशव्या, सुतळ्या, पाकिटं, सगळं एकात एक गुंतलेलं. पुन्हा हात आत, पुन्हा पिळा. ते निघतच होतं, निघतच होतं. अंगणात ढीग व्हायला लागला. "अगं आई गं," माझ्या मागं कुणीतरी म्हणालं. डॉक्टर म्हणाले, "खारट पाकिटं असतात ना, जनावरं चाटत बसतात आणि गिळतात." त्यांनी पुढचा पिळा खाली टाकला आणि पायानं बाजूला सारला. त्यातून एक नारंगी बोट वर आलं.

मोजा होता. आमचा मोजा. तसलेच मोजे त्या क्षणी माझ्या दोन्ही हातांत होते.

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. मी आजूबाजूला पाहिलं. कुणीही कुणाकडं बघत नव्हतं. बँक मॅनेजर हळूच आपल्या हातातले मोजे काढून खिशात कोंबत होते. सर हातातल्या बादलीतल्या पाण्याकडं बघत होते.

डॉक्टर टाके घालत असताना सरांनीच विचारलं. "मावशी, हे आलं कुठून? ग्रामपंचायतीची गाडी येते ना इथं?"

"कसली गाडी?"

"कचऱ्याची. घंटागाडी."

"हितं?" मावशीनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं काही त्यांनी विमानाचं विचारलं. "हितं एस्टी येत न्हाई, सर."

मी सरांकडं वळले. माझा आवाज चढला तो मला आवरेना. "सर, कुणाशी बोलणं झालं होतं तुमचं? काय म्हणाला होता तो?" सर पुटपुटले, "सरपंच म्हणाले होते, बघू, करू." बघू, करू! कोर्टात सगळं आयुष्य गेलं माझं, बघू-करूचा अर्थ मला कुणी शिकवायला नको होता. पण मोकळी जागा बघून मीही गाडी आली असंच धरून चालले होते. मग त्या गोण्या गेल्या कुठं?

मावशी आम्हाला गोठ्याच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं कडबा ठेवायची पडवी होती. कडबा अंगणात, उघड्यावर होता. पडवीत आमच्या गोण्या होत्या. सगळ्या. खाली विटा लावून, जमिनीपासून वर, नीट एकावर एक रचलेल्या. वर ताडपत्री घातलेली, कडेला दगड ठेवून दाबलेली. इतकी काळजी मी माझ्या घरच्या गव्हाचीही घेत नाही.

"तुमी ठिवून जायाचा," मावशी म्हणाली, "रस्त्यावर पोरं उचकटाया लागली. मग पावसानं भिजाया लागलं. मी म्हनलं, लोकांची ठेव हाय, नासाया नको. आत घेतलं."

"अहो पण मावशी, हा कचरा आहे!" मी ओरडलेच. "कचरा! टाकायचा!"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी थट्टा करतेय की काय, असा तिचा चेहरा. मग सावकाश म्हणाली, "कामाचं नसतं तर एवढ्या लांबनं मोटार करून कोन येतंय, बाई? उन्हाचं डोंगरावून पाठीवर कोन आनतंय? आन फोटो कशाचा काढतेत?"

बँक मॅनेजरांनी ताडपत्रीवरचा पहिला दगड उचलून बाजूला ठेवला.

त्या दिवशी आम्ही सगळ्या गोण्या बसमध्ये भरल्या. टपावर, सीटखाली, मांडीवर. ड्रायव्हरनं स्वतःच मागचं दार उघडून दिलं. डॉक्टर म्हणाले होते, गाईनं रवंथ सुरू केला तर वाचली म्हणायची. नगर येईपर्यंत बसमध्ये ना गाणं ना भेंड्या. नाकाला पदर लावायचीही कुणाला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एकानं लिहिलं, मावशीनं इतके महिने पर्यावरणाची जी सेवा केली, त्याबद्दल क्लबातर्फे शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार करावा. त्यावर अंगठे यायलाही लागले. मी कोर्टातच होते, बाहेर व्हरांड्यात येऊन त्याला फोन लावला आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझे साहेब नंतर म्हणाले, "बाई, अशिलाला झापत होता का?" मी म्हटलं, "नाही, स्वतःलाच."

आठवड्याच्या मधेच मी रजा टाकली आणि सर आणि मी त्यांच्या गाडीतून तिकडं गेलो. वाटभर सर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "रवंथ करत असेल हो आता." मी हो हो म्हणत होते.

अंगणात शिरलो तेव्हाच कळलं. कडबा पुन्हा पडवीत गेला होता आणि गोठा झाडून स्वच्छ केलेला होता. गव्हाण कोरडी. घराच्या मागं लिंबाखाली नवी माती ओढलेली, तिच्यावर कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीचे काटे टाकलेले.

"दुसऱ्या दिशी उटली हुती," मावशी म्हणाली. "पानी प्याली. मला वाटलं, झालं, सुटली. मंग पुन्यांदा बसली ती उटलीच न्हाई."

"वासरू?" मी विचारलं.

"पोटातच."

सर उंबऱ्यावरच बसले. एवढा धिप्पाड माणूस, आयुष्यभर कॉलेजातल्या पोरांना कवायत शिकवली, तो तोंड झाकून रडायला लागला. मावशी उलट त्यांनाच म्हणाली, "असूं द्या, सर. असूं द्या." मग आत जाऊन तिनं चहा ठेवला. कोरा होता. पितळीत ओतताना म्हणाली, "सुनंला सांगितलं न्हाई आजून. तिकडं तोड चालू हाय, रडत बसंल. आली की कळंलच की." मी पितळी खाली ठेवली. म्हटलं, "मावशी, गाय आम्ही घेऊन देऊ. क्लब देईल. मी देईन." "च्या निवतोय, बाई," ती म्हणाली. माझ्या तोंडून निघालेलं ते वाक्य तसंच अंगणात पडून राहिलं.

आम्ही निघायला उठलो तशी ती "थांबा जरा" म्हणून लगबगीनं आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या कडेवर एक गोणी होती. रविवारी नेलेल्यांत ही नव्हती. खालचा कोपरा फाटलेला होता आणि तो तिनं सुतळीनं, बारीक टाक्यांनी, अगदी निगुतीनं शिवला होता.

सरांनी हात पुढं केले. गोणी त्यांच्या हातात देताना ती खाली मान घालून म्हणाली, "ही शिवायची ऱ्हायली हुती, म्हनून त्या दिशी दिली न्हाई. ह्यातलं थोडं कमी भरंल, सर. गाईनं खाल्लंय. मुकं जनावर हुतं, राग धरू नगा."