पिंजरे कापणारे काशीभाऊ

काशीभाऊंची आणि माझी पहिली भेट भांडणात झाली आणि ते भांडण मी उकरून काढले होते. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात ते आज उघडपणे कबूल करून टाकतो.

नव्वदच्या आगेमागे आम्ही गिरगावची खोली सोडून नेरूळच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सोसायटीसमोरच्या रस्त्यावर तेव्हा औषधालाही सावली नव्हती. आम्ही हौसेने रोपे लावली आणि प्रत्येकाने आपल्या रोपाभोवती घरातल्या दिवंगत माणसाच्या नावाचा लोखंडी पिंजरा बसवला. माझ्या करंजाच्या पिंजऱ्यावर वडिलांचे नाव होते, ‘कै. विष्णुपंत’. दरवर्षी श्राद्धाच्या दिवशी मी त्या अक्षरांवरून पांढऱ्या रंगाचा ब्रश फिरवीत असे. आत झाड आहे आणि ते वाढते आहे, इकडे मात्र माझे कधी लक्ष गेले नाही. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला आधी पाटी दिसते.

तीन-चार वर्षांनी एका रविवारी सकाळी पाहतो तो, एक सावळे, काटक गृहस्थ लोखंड कापायच्या करवतीने नेमका तोच पिंजरा कापत होते. मी धावत खाली गेलो.

“अहो, काय चाललंय काय? माझ्या वडिलांचं नाव आहे त्याच्यावर!”

त्यांनी करवत थांबवली, माझा हात धरला आणि खोडावर ठेवला. गज सालीत रुतला होता आणि त्याच्या वर-खाली खोड सुजून आले होते.

“साहेब, तुमचा बापूस झारान हाय, का या पिंजऱ्यान?”

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. “पकरा हिकरं. हलवू नका, नायतं पातं तुटल,” असे म्हणून त्यांनी मला कामाला लावले. ते होते तळवलीचे काशिनाथ पाटील, तुर्भ्याच्या एका कारखान्यातले फिटर. लेक आमच्याच सोसायटीत दिलेली, म्हणून ते रविवारी नेरूळला येत.

त्यांच्या घरची भातशेती हे शहर उभे राहताना गेली. आमच्यावर राग धरायला त्यांना हक्काचे कारण होते. एकदा धीर करून मी त्यांना विचारले, की आमच्या झाडांसाठी तुम्ही का राबता? ते म्हणाले, “जमीन तुमच्या नावावर झाली, पन माती मना वलखते.” आणि लगेच पुढच्या झाडाकडे वळले.

त्यांचे काम सगळ्यांना रुचले असे नाही. आमच्या वृक्षसमितीच्या अध्यक्षा प्रधानबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. यजमानांच्या नावाचा पिंजरा कापला गेल्यावर त्यांनी दोन महिने काशीभाऊंशी अबोला धरला. काशीभाऊंनी वाद घातला नाही. एका संध्याकाळी रिक्षा घेऊन आले आणि बाईंना तुर्भ्याच्या कामगार वस्तीत घेऊन गेले. तिथे रस्त्याकडेला कडुनिंबाची नवी रोपे लावलेली होती. कापलेले सगळे पिंजरे त्यांनी सांधून त्या रोपांना बसवले होते. एकही नाव गाळलेले नव्हते. पुसट झालेली अक्षरे त्यांनी स्वतः गिरवली होती. प्रधानबाईंनी यजमानांच्या पिंजऱ्यातल्या रोपाला पाणी घातले आणि परतीच्या वाटेवर त्या दोन महिन्यांनी पहिल्यांदा काशीभाऊंशी बोलल्या.

त्याच सुमारास झाडे जोपासणाऱ्या शहरांची राज्यभरातून निवड होणार असल्याचे कळले. गिरगाव-दादरचे नातेवाईक आम्हांला ‘खाडीपलीकडचे’ म्हणून हसत. आम्हीही कुणीतरी आहोत, हे दाखवायची आमची ती पहिलीच संधी होती. शहराच्या अर्जातला आमच्या सेक्टरचा तक्ता आमच्या समितीने भरायचा होता. लोकांची समिती, झाडांची मोजणी, छाटणीचे नियम, सगळे आमच्यापाशी तयार होते. फक्त एका रकान्यात प्रधानबाईंची लेखणी अडली : ‘वृक्षांना बसवलेले संरक्षक पिंजरे’.

“काशीभाऊ, टेन्शन आलंय हो! काय लिहू?”

“खरा हाय त्येच लिवा. शून्य.”

“अहो, नंबर जाईल आपला! आठ दिवसांपुरते परत बसवू या का?”

“त्या रोपांच्या आंगावरचा काढून? मना नाय जमनार.”

बाईंनी शून्य लिहिले. तपासणीला तिघे आले. त्यांच्या प्रमुख, वनस्पतिशास्त्राच्या एक मितभाषी प्राध्यापिका, तो रकाना वाचून थबकल्या. “संरक्षणच नाही, मग संगोपन कसलं?” प्रधानबाईंचा चेहरा पडला.

काशीभाऊ पुढे झाले. “बाय, हात लावून बगा.” त्या विदुषींनी माझ्या करंजावर हात ठेवला. गजाचा जुना व्रण भरून आला होता, वर फांद्यांचा मांडव पसरला होता. त्यांनी त्या व्रणावरून बोटे फिरवली. मग विचारले, “पिंजरे कुठे आहेत?”

“चला, दावतो.”

तुर्भ्याला आम्ही जीपमधून उतरलो, तेव्हा वस्तीतली एक बाई हंड्याने एका रोपाला पाणी घालत होती. हे झाड कुणाचे, असे प्राध्यापिकाबाईंनी तिला विचारले. ती सातारकडची असावी. म्हणाली, “ह्यो आमचा इष्णूनाना. लई तहान हाय त्याला, रोज दोन हंडं पितोय!”

माझ्या वडिलांना त्या बाईने कधी पाहिले नव्हते. मी तिथेच रस्त्यावर रडलो, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

पहिला क्रमांक आमच्या शहराला मिळाला! तळवलीचा बँजो त्या संध्याकाळी नेरूळच्या सेक्टरात वाजला. प्रधानबाई नाचल्या, मी नाचलो आणि मानचिन्ह डोक्यावर घेऊन काशीभाऊही नाचले. दादरच्या मेहुण्यांनी स्वतः फोन करून माझे अभिनंदन केले. तो फोन मी मुद्दाम लांबवला.

तुर्भ्याचा कडुनिंब आता मोकळा झाला आहे आणि वडिलांचा पिंजरा काशीभाऊंच्या तळवलीच्या दारातल्या जांभळाभोवती आहे. ते जांभूळही गजांना टेकू लागले आहे. परवा ते म्हणाले, “साहेब, तुमच्या बापसाला पुढच्या घरी न्यायला पायजे.” या खेपेला पिंजरा त्यांनी धरायचा आणि करवत मी चालवायची, असे ठरले आहे.

काशीभाऊंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही प्रार्थना आपण सारेच करू. माझ्या प्रार्थनेत थोडा स्वार्थ आहे. उद्या माझ्यामागे माझ्याही नावाचा पिंजरा कुणीतरी एखाद्या रोपाला बसवील. तो वेळच्या वेळी कापायला काशीभाऊच करवत घेऊन हजर असावेत.