पंपाचं बटण

जळक्या रबराचा वास आला की माझा हात कॉलरकडं जातो. शाळा सोडून लांबच्या गावाहून वाळूजला उस्तादांच्या गॅरेजात कामाला आलो, तेव्हा दुष्काळ होता. टँकरचं राखलेलं पाणी आम्ही एका गिऱ्हाइकाच्या शर्यतीच्या गाडीत, इंजिन गार ठेवायला भरलं होतं. इंजिन धरणारी ॲल्युमिनियमची प्लेट आणि तिच्यावरचा, ते पाणी फिरवणारा विजेचा पंप मीच आवळला होता. गाडीमालकानं चावी फिरवून जोरात रेस दिली, पण पंपाचं बटण दाबलंच नाही. जुन्या गाडीसारखा पंप इंजिनाबरोबर फिरेल, असं त्याला वाटलं. पाणी उकळलं, रबरी पाइप जळका वास सोडत फुटला आणि माझा दंड भाजला. “गाडी जाळली रे माझी!” म्हणत त्यानं माझी कॉलर धरून पान्हा उगारला. उस्तादांनी त्याचा हात पिरगाळला आणि त्याला बॉनेटवर आपटलं. “बटण तू दाबलं नाय, अन् पोराला मारतो व्हय? नीघ!” नाकातलं रक्त पुसत तो गेला. मला वाटलं, एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं, आता माझंही काम गेलं. उस्ताद एवढंच म्हणाले, “दंड दाखव आधी.” वास विरला की कॉलरवरचा हात खाली येतो आणि मी उस्तादांना फोन लावतो.